नेफ्यातला घास

धारच्या त्या मैदानावर मी जे तीन शब्द बोलले, ते मला कुणी बोलायला लावले नव्हते. ते शब्द पुढे येतीलच. आधी मी कोण ते सांगते, म्हणजे लाज कोणत्या तोंडाला वाटते आहे हे तरी कळेल.

मी मधुवंती. देवासला मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नुसतं शिकवलं नाही, धाकात ठेवून शिकवलं. दसऱ्याला प्रयोगशाळेतल्या तराजूला कुणी झेंडूचा हार घातला की मी तो काढून टाकायचे आणि वर्गाला सांगायचे, "हार घातला की तराजू खोटं बोलतो." माझं दुसरं वाक्य याहून प्रसिद्ध होतं: "प्रयोग फसला तर आधी आपला हात बघा." मुली ते वहीच्या पहिल्या पानावर लिहायच्या. ज्या लिहायच्या नाहीत त्यांना मी लिहायला लावायचे.

धार हे माझं माहेर. तिथे मुलींना शिवणकाम, टायपिंग वगैरे शिकवणारी आपल्या मराठी लोकांची एक लहानशी संस्था आहे आणि इंदिराबाई तिच्या प्रमुख आहेत. आम्ही दोघी एका गल्लीत वाढलो, एका बाकावर बसलो आणि पन्नास वर्षं भांडत आलो. संस्थेत दर संक्रांतीला हळदीकुंकू होतं. मी दर वर्षी तिला ऐकवायचे, "इंदू, वाणं कसली लुटता? पोरींना एखादा प्रयोग दाखवा." या वर्षी ती फोनवर शांतपणे म्हणाली, "ये ना मग. दाखव." आता माघार घेणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, घरी शिवलेला गरम हवेचा फुगा उडवून दाखवते, चांगला दीड माणूस उंचीचा.

आकृती, घनफळ, वजन हे सगळं माझ्या हातचं. पण शिवणाच्या नावाने आनंद. सुईत दोरा ओवायचा तर मला चष्मा आणि विश्वासराव दोन्ही लागतात. विश्वासराव म्हणजे आमचे हे. बँकेतून निवृत्त झाले, माझ्या तावडीतून नाही. त्यांनीच शिखाचं नाव सुचवलं.

शिखा माझी विद्यार्थिनी. आमच्या मागच्या गल्लीत तिच्या वडिलांचं, तुकारामचं, शिंप्याचं दुकान आहे. त्यांचे पूर्वज मराठा सरदारांच्या दरबाराबरोबर इकडे माळव्यात आले ते तंबू शिवायला. आता तुकाराम ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवतो, पण तंबूची गोष्ट गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय माप घेत नाही. शिखाने शिवणकामाचा डिप्लोमा केला होता आणि नेमकी धारच्या संस्थेत शिवणशिक्षिकेची जागा रिकामी होती. मी इंदूला कळवून टाकलं, "मुलाखत वगैरे राहू दे. मुलीचं काम फुग्यावरच बघा." शिखाला हे सांगितलं तेव्हा ती थोडी घाबरली.

"मॅडम, मी कधी फुगा नाही शिवला."

"मी तरी कुठे शिवला आहे? पण मी आहे ना."

मी आहे ना! हे आठवलं की आजही कान गरम होतात.

डिसेंबरभर आमच्या बैठकीत माणसाला बसायला जागा नव्हती. सोफा भिंतीला लावला, जमिनीवर वर्तमानपत्रं चिकटवून त्यावर मी एका पाकळीचा आकार काढला: तळाशी अरुंद, मध्ये रुंद, वर टोकदार. अशा बारा पाकळ्या. शिखाने आकार बघितला आणि खुदकन हसली.

"मॅडम, ये तो बारा कळ्यांचा घागरा झाला. बस, उलटा."

कापड इंदूरहून आणलं. दुकानदार त्याला पॅराशूटचं कापड म्हणतात. बोटांतून पाण्यासारखं निसटतं. मशीनखाली ते सरकून चुण्या पडायला लागल्या, तेव्हा शिखाने कागदाच्या पट्ट्या कापल्या, कापडाखाली ठेवून त्यांच्यासकट शिवलं आणि मग कागद हलकेच फाडून काढला. शिवण रेघेसारखी सरळ. मी म्हटलं एकेरी शिवण घाल, वजन वाचेल. ती नाही म्हणाली.

"एकेरीतून हवा निघून जाणार. दुहेरी घालते, बारीक. भरोसा ठेवा ना."

तिने दुहेरी घातली. तळाच्या तोंडाला नेफा केला, परकराला नाडीसाठी करतात तसा, आणि त्यात नाडीऐवजी बांबूच्या कामटीचं कडं ओवलं. तुकाराम एकदा येऊन बाराही शिवणींवरून नख फिरवून गेला. "हौ, ठीक आहे," एवढंच बोलला. शिखा म्हणाली, पप्पांनी आजवर तिच्या कुठल्याच कामाला ठीक म्हटलं नव्हतं.

संक्रांतीच्या आठ दिवस आधी पहाटे गच्चीवर चाचणी घेतली. गॅसची शेगडी, तिच्यावर पत्र्याचं धुराडं, धुराड्यावर फुग्याचं तोंड. विश्वासरावांनी काठीवर शेंडा धरला होता. फुगा आधी आळसटल्यासारखा पडून राहिला, मग त्याच्या अंगातल्या घड्या एकेक मोडल्या, आणि मग तो उभा राहिला. दोरी शिखाच्या हातात होती. फुगा सरळ वर गेला, दोरी संपेपर्यंत गेला. समोर टेकडीवर देवीचे दिवे अजून लागलेले होते आणि शिखा मान वर करून मोठ्याने हसत होती. शाळेत मी तिला असं हसू दिलं नसतं.

इथपर्यंत सगळं चांगलं आहे. पुढचं सांगायला जड जातं.

धारला जायच्या आदल्या संध्याकाळी मी एकटीच फुग्याची घडी घालत होते. घालता घालता मला आई आठवली. आई गोधड्या शिवायची. शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी ती त्यात चार दाणे घालायची आणि म्हणायची, "शिवलेल्या वस्तूला उपाशी घराबाहेर पाठवू नये. पोटात घास हवा." माझं लग्न होऊन मी देवासला आले तेव्हाच्या गोधडीत तर तिने राणीछाप रुपया घातला होता. गोधडी विरली, रुपया माझ्याकडे राहिला. आणि मी, हार काढून टाकणारी बाई, उठले, कपाटातून तो रुपया काढला. मूठभर तांदूळ घेतले, एक हळकुंड, एक सुपारी. खणाच्या तुकड्यात पुरचुंडी बांधली. फुग्याला कोपरा नसतो, म्हणून नेफा वीतभर उसवला, आत पुरचुंडी सरकवली आणि माझ्या वाकड्यातिकड्या टाक्यांनी तो बंद केला.

का केलं? शिखासाठी केलं. तिला ती जागा मिळावी म्हणून माझा जीव खालीवर होत होता आणि मागायला मला देव नव्हता. वजनाचा हिशोब मी मनात केला होता. शंभर ग्रॅमच्या आत भरत होतं, तेवढं फुगा सहज पेलणार होता. ते सगळं वजन एकाच बाजूला आहे, हे डोक्यात आलं नाही. आठवीच्या मुलीने पकडली असती अशी चूक. विश्वासरावांची चाहूल लागली तशी मी सुई पदराखाली लपवली.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या मैदानावर दीडदोनशे बायका-मुली होत्या. समितीची माणसं खुर्च्यांवर. तुकारामही मुद्दाम दुकान बंद ठेवून आला होता, इस्त्रीचा सदरा घालून. मी पाच मिनिटं भाषण ठोकलं. गरम हवा हलकी का असते ते सांगितलं, आणि जाता जाता अंधश्रद्धेलाही दोन टोले हाणले. मग शेगडी पेटवली.

फुगा भरला, उभा राहिला, सुटला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. पुरुषभर उंच गेला असेल, आणि त्याचं तोंड एका बाजूला कललं. ज्या बाजूला पुरचुंडी होती त्याच बाजूला. दुसऱ्या कडेने गरम हवा भसकन बाहेर पडली, फुगा पोट आत ओढून घेत खाली आला तो थेट तापलेल्या धुराड्यावर. शिखाने झडप घालून ओढला. तोवर दोन पाकळ्या वितळून शिवणीपाशी हातभर भोक पडलं होतं.

मला त्याच क्षणी कळलं होतं. ही गोष्ट मी कुणापासूनही लपवणार नाही: नंतर विचार करून नव्हे, तोंड कललं तेव्हाच कळलं होतं.

इंदू खुर्चीवरून उठून जवळ आली. "काय झालं गं, मधू?"

दीडदोनशे तोंडं माझ्याकडे वळलेली. हळकुंड आणि सुपारी, हे मी त्या भाषणानंतर कसं सांगू? जळण्याआधी हवा तिथूनच निसटली असावी अशा थाटात भोकाकडे बोट दाखवून मी म्हटलं, "शिवण कच्ची निघाली."

शिखाने माझ्याकडे बघितलं. तिच्यामागे तुकाराम उभा होता, त्याने मान खाली घातली. खुर्च्यांवरून कुणीतरी म्हणालं, "फुगा धड शिवता येत नाही ती मुलींना काय शिकवणार?" आणि दोघंतिघं हसले. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी वर्गात किती पोरींच्या तोंडावर मारली असेल. त्या दिवशी मात्र मला ती आठवली नाही.

परतताना बसमध्ये तुकाराम पुढे बसला आणि शिखा माझ्याशेजारी, मांडीवर फुग्याचं गाठोडं घेऊन. वाटेतलं घाटाबिल्लोद गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "मॅडम, फुगा मी घरी नेते. दुरुस्त करते."

नेऊ नको म्हणायला मला कारण सापडेना. नेफा तिच्या हाती लागणार हे माहीत होतं. तरी मी मनाला समजावलं की भोक वर आहे, नेफा खाली आहे, ती कशाला उसवेल? चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात त्या दिवसापासून लख्ख दुपार होती.

मग मी मागच्या गल्लीतून जाणंच सोडलं. भाजी आणायला लांबून वळसा घालायचे. पाचव्या दिवशी विसरून त्या बाजूला वळले, तर दुकानातून तुकारामचा आवाज आला.

"उसव. फिरसे घाल."

"पप्पा, बरोबर आहे ना."

"तेव्हाही बरोबरच म्हणत होतीस. उसव."

मी कोपऱ्यावरूनच मागे फिरले. ज्या बापाने एकदाच ठीक म्हटलं होतं, त्याने आपला शब्द परत घेतला होता आणि तो माझ्या सांगण्यावरून घेतला होता. घरी येऊन मी विश्वासरावांना सगळं सांगितलं. एरवी माझी फिरकी घ्यायची एक संधी न सोडणारा हा माणूस हातातल्या वर्तमानपत्राची घडी घालत बसला. मग म्हणाला, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं अर्धं त्यांनी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडले तरी असते.

तरी मला आणखी सहा दिवस लागले. अकराव्या दिवशी सकाळची बस धरून मी धारला गेले. शिखाकडे जाण्यापेक्षा इंदूकडे जाणं सोपं वाटलं, हेही खरंच आहे. इंदू कार्यालयात होती. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं: आईचा रुपया, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं. आणि म्हटलं, "मुलीची शिवण पक्की होती. मी खोटं बोलले."

मला वाटलं होतं ती हसेल. पन्नास वर्षांची उट्टी फेडेल. तिने फक्त मला बसायला सांगितलं.

"मधू, त्या दिवशी फुग्याला लावायला मी हळदीकुंकवाचं तबक आणलं होतं. तुझं भाषण ऐकलं आणि ते मुकाट्याने खुर्चीखाली सरकवलं. तुझी भीती वाटते गं लोकांना."

"शिखाचं काय?"

"धामनोदची एक मुलगी सोमवारी रुजू झाली. तिला आता काय सांगून काढू? तू आठ दिवस आधी आली असतीस तर..."

मी पाणीसुद्धा न पिता निघाले.

देवासला उतरून मी थेट दुकानात गेले. दुपार कलली होती. दोन बायका ब्लाऊज घ्यायला थांबल्या होत्या, तुकाराम शिखाने शिवलेल्या एका ब्लाऊजची बाही उसवत होता, शिखा मशीनवर होती. तिच्या बाजूला फुगा घडी घालून ठेवलेला. जळलेल्या दोन पाकळ्यांच्या जागी दोन नव्या लागल्या होत्या. आणि मशीनच्या फळीवर, दोऱ्याच्या रिळांमध्ये, माझी खणाची पुरचुंडी.

"या बाई, बसा ना. चाय मागवू?" तुकाराम उठला. त्याच्या आवाजात जराही राग नव्हता. त्यानेच मला जास्त मेल्यासारखं झालं.

"बसत नाही. आधी ऐका." त्या दोन बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी बोलले. वर्गात बोलायचे तशी. "तुकाराम, शिखाची शिवण कच्ची नव्हती. फुगा माझ्यामुळे पडला. मी नेफ्यात वजन शिवलं होतं, माझी आई गोधडीत घास घालायची तसं. आणि ते मला तिथेच, मैदानावरच, कळलं होतं. तरी मी हिच्यावर ढकललं. जागा गेली तीही माझ्यामुळे. मी धारला सांगून आले, पण उशीर झाला."

तुकारामच्या हातात उसवायचं ब्लेडचं पातं होतं. त्याने ते बघितलं, मग समोरच्या ब्लाऊजकडे बघितलं. अर्धी बाही उसवलेली होती.

"म्हणजे पोरीची शिलाई ठीक होती."

"ठीक होती."

"आणि मी अकरा दिवस हिच्याकडून उसवून घेतोय." त्याने ब्लाऊज बाजूला सारला. "बाई, तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही म्हटलं म्हणजे खरंच असणार, अशी आदत आहे आम्हाला."

त्याने पातं गल्ल्यात टाकलं आणि गल्ला बंद केला. त्या दोन बायकांपैकी एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. उद्यापर्यंत सगळ्या गल्लीला कळणार होतं. कळू दे.

मी शिखाकडे वळले. "तुला पुरचुंडी कधी सापडली?"

"त्याच दिवशी. बसमध्येच हाताला लागली होती, मॅडम."

"मग बोलली का नाहीस? निदान वडिलांना तरी?"

तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "मी काय बोलणार? बोलायचं तर तुम्हाला होतं. तुम्हीच लिहून घेतलं होतं ना आमच्याकडून, की प्रयोग फसला तर आधी आपला हात बघा. मला वाटलं येतील मॅडम. रोज वाटायचं, आज येतील. मग वाटायला लागलं, शायद ते फक्त वहीत लिहायचं असतं."

चौतीस वर्षांत कुठल्याही मुलीने माझं वाक्य मलाच ऐकवलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं आणि ते पदराने पुसायची मला हिंमत झाली नाही.

शिखाने पुरचुंडी सोडली. रुपया माझ्या हातात ठेवला. हळकुंड आणि सुपारी बाजूला ठेवली. मग तांदळाचे थोडेच दाणे वेचून तिने चार कागदांवर चार ढिगल्या केल्या, अगदी सारख्या.

"मी काल दुकानामागे उडवून बघितला. एवढं उचलतो. पण चारी बाजूंना सारखं पाहिजे, नाही तर झुकतो." ती फुग्याचा नेफा माझ्यापुढे धरून म्हणाली, "चार जागा उघड्या ठेवल्यात. तुमच्या आईचा घास आहे, तुम्हीच शिवा."

दुकानाच्या दारातल्या स्टुलावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत मी बसले. सुई तिने ओवून दिली. पहिल्या जागेत दाणे घातले आणि टाके घालायला लागले. त्या दोन बायका ब्लाऊज घेऊनही हलल्या नव्हत्या. सात-आठ टाके झाल्यावर मी नेफा शिखाच्या पुढे केला.

तिने तो उजेडाकडे धरला आणि वडिलांसारखं नख फिरवलं.

"कच्ची आहे, मॅडम," ती म्हणाली. "उसवून परत घाला."

तुकारामने गल्ला उघडला आणि पातं माझ्या हातात दिलं. मी उसवायला लागले.